शेवंताअक्काची कमठाण्याची टेप

शेवंताअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका शेळीच्या कानात गात होती. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लस टोचायच्या कामावर होतो आणि बीदर जिल्ह्यातली ठाणाकुशनूरच्या बाजूची गावं नुकतीच माझ्याकडे आली होती. सुई दिसली की शेळ्या उधळतात, दोर तोडतात, माणसाला पाडतात. ह्या बाईने मात्र शेळी दोन गुडघ्यांमध्ये धरली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी बारीक आवाजात काहीतरी गायला लागली. शेळीने कान पाडले. मी लस टोचली, सुई बाहेर काढली, तरी शेळी तशीच उभी. मीही तसाच उभा होतो.

"डाक्टर, टोचून झालं की," अक्का म्हणाली. "दुसरी आणू, का हिलाच परत टोचता?"

मी डॉक्टर नव्हतो, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे अनेकदा सांगितलं. तिने एकदाही मनावर घेतलं नाही.

अक्काचं घराणं मेंढरं राखणारं. तिच्या लहानपणी घरात दोनशे मेंढरं होती आणि वर्षातले आठ महिने सगळे माळावर. मी ओळखायला लागलो तोवर मेंढरं जाऊन चार एकर कोरडवाहू रान, तूर, ज्वारी आणि पाच-सात शेळ्या एवढंच उरलं होतं. अक्काने पन्नाशी ओलांडली होती. काळी, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जत्रेत, लग्नात, बारशाला ती तीस वर्षं गात आली होती. काही गाणी आईकडून आलेली, काही तिने स्वतः जुळवलेली. ढोल वाजवायला तिचा नवरा, मारुतीअप्पा. हा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलला तर पुष्कळ. पण अक्काने श्वास कुठे घेतला हे त्याला पाठीमागे बसून कळायचं.

अक्का गायला उभी राहिली की आधी समोरच्यांना बसवायची. "बसा रं समदे. हुभं राहून गाणं पोटात जात न्हाई." कानडी मुलखातली माणसं आली असतील तर हेच कानडीतून. सगळे बसल्याशिवाय तिच्या तोंडून सूर निघायचा नाही. एकदा एक मोठा पुढारी उभ्या उभ्याच ऐकून निघणार होता. अक्काने तोंडात पान टाकलं आणि शांतपणे चघळत राहिली. शेवटी पुढारी सतरंजीवर बसला.

तिचा एक स्वभाव इथेच सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. ती कधी कुणाला चांगलं म्हणत नसे. जेवण आवडलं तरी "असू दे." नातवाने परीक्षेत पहिला नंबर आणला तरी "असू दे." एखादी गोष्ट मुळीच पटली नाही आणि वाद घालायचा नसला, तरीही तेच. "असू दे." यातलं कोणतं 'असू दे' कोणत्या अर्थाचं, हे फक्त मारुतीअप्पाला कळायचं. आम्ही बाकीचे अंदाज बांधायचो.

रफीक तिला भेटला तो मी राहायचो त्या नौबादच्या एका लग्नात. बीदरच्या एका गल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. सडपातळ, लाजरा, तिशीचा. त्या लग्नात हळदीला अक्काची गाणी होती आणि वरातीला त्याचा ऑर्केस्ट्रा. दुपारी पंगत उठल्यावर अक्का मांडवात भिंतीला टेकून आपल्याशीच गुणगुणत होती, तर पलीकडून तोच सूर तारेवर वाजत परत आला. अक्का थांबली. गिटारही थांबली. अक्काने मुद्दाम एक वेडीवाकडी ओळ म्हटली. तीही परत आली.

"काय रं हे? मेंढरू हरवल्यावानी रडायलंय," अक्का म्हणाली.

"रोता नहीं अक्का, गाता है," रफीक म्हणाला. "तुमारेच पीछे गाता है."

अक्काने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "असू दे."

त्या दिवसापासून ते तिघं झाले. अक्काचा गळा, अप्पाचा ढोल, रफीकची गिटार. सुरुवातीला गावोगावचे म्हातारे कुरकुरले. पण माळावरच्या गाण्यात ती विजेची तार अशी काही शिरली, की जुनंच गाणं कुणीतरी जवळ आणून ठेवल्यासारखं वाटायचं. बीदरच्या एका कॉलेजच्या पोरांनी पत्रक छापलं, त्यात 'लोकगीत आणि रॉक' असं लिहिलं. अक्काने मला वाचायला लावलं.

"राक? राक म्हंजे चुलीतली?"

"रॉक अक्का. पत्थर," रफीकने समजावलं.

"मंग बरं हाय. दगडातच जलम गेला माझा."

मी त्यांचा भक्तच झालो होतो म्हणा ना. लसीकरणाचे दौरे मी त्यांच्या कार्यक्रमांच्या आसपास बसवायचो, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. आणि म्हणूनच कमठाण्याच्या जत्रेत त्या दुपारी मी माझा टेपरेकॉर्डर घेऊन हजर होतो. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि नवे सेल. त्या दिवशी हैदराबादहून एका कॅसेट कंपनीचा माणूस अक्काला ऐकायला येणार होता. गाणं पसंत पडलं तर अक्काची कॅसेट निघणार होती, चांगल्या स्टुडिओत. रफीकने नवा शर्ट घातला होता. अक्काने नेहमीचंच लुगडं.

टेपरेकॉर्डर कुठे ठेवावा म्हणून मी घोटाळत होतो, तर रफीक म्हणाला, "साब, मेरे बाजू रखो. अक्का का आवाज तो कहीं बी पोंचता. गिटार कू कोन पूछता?" मी स्टेजच्या त्याच्या टोकाला एका स्टुलावर तो ठेवला आणि बटण दाबलं.

ती टेप मी आजवर किती वेळा ऐकली असेल ते सांगता येणार नाही. सुरुवातीला माणसांचा गलका आहे, गारेगारवाल्याची आरोळी आहे. मग अक्काचं "बसा रं समदे". मागून कुणीतरी ओरडतो, "अक्का, जोरागि हाड्री!" अक्का त्याला कानडीतच सांगते, जोरात गाईन, आधी तू बस. लोक हसतात. आणि हशा विरायच्या आत अप्पाची ढोलावर एक थाप. दुसरी थाप पडायला तो इतका वेळ लावतो की आपण श्वास धरतो. तिथे गिटार येते, लांबच्या लांब एकच सूर घेऊन, आणि त्या सुरावर पाय ठेवल्यासारखी अक्का उभी राहते:

मेंढरं गेली म्होरं, मागं राहिली धूळ
धुळीत शोधते बाई माझ्या पायाचं मूळ

पहिली तीन गाणी अशी आहेत की चांगल्या स्टुडिओतही पुन्हा तशी होणार नाहीत. तिसऱ्यात रफीकने एकट्याने जो तुकडा वाजवलाय, त्यात मधेच बायकांची "अगं बया" ऐकू येते. चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात लाईट गेली.

टेपवर ते स्पष्ट कळतं. मोठा आवाज एकदम कापल्यासारखा थांबतो. पब्लिकची "होऽऽ" अशी ओरड. मांडववाल्याची जनरेटरशी झटापट, तो काही सुरू होत नाही. कुणीतरी म्हणतं, संपलं आता. आणि मग, माईकशिवाय, अक्काचा आवाज:

"लाईट गेली म्हून काय झालं? मी हाय की."

ती तिथूनच पुढे गायला लागली. दोन हजार माणूस असेल. हळूहळू सगळं इतकं शांत झालं, की देवळाजवळच्या बैलाच्या गळ्यातली घंटा टेपमध्ये आली आहे. अप्पा तळहात सोडून नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. गाता गाता अक्का स्टेजच्या मध्यावरून आमच्या टोकाला सरकली. त्या अंगाला बायका बसल्या होत्या, त्यांना ऐकू यावं म्हणून ती आली, असं मला वाटलं. टेपवर तिचा आवाज पावलापावलाने जवळ येतो. माझ्याकडून कॅसेट ऐकायला नेणारा प्रत्येक जण परत करताना म्हणायचा, "ती जवळ येते तिथं काटा येतो बघा." कॅसेट संपेपर्यंत ती तशीच, विजेशिवाय, गात राहिली.

कार्यक्रम झाल्यावर कंपनीचा माणूस स्टेजमागे आला. फार खूश होता. तो अक्काला म्हणाला, "लाईट गेली ते बरंच झालं. तुमचा आवाज कळला. आपण नुसता आवाज घेऊ, बाकी वाजवणारे आमचे असतात. गिटार-बिटार काही नको." तो हे बोलत असताना रफीक चार हात अंतरावर वायरी गुंडाळत होता.

अक्काने त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे."

रफीकने वायरी पिशवीत भरल्या, अक्काला आणि अप्पाला सलाम केला आणि तो निघून गेला. पंधरा दिवसांनी मला कळलं की दुकान बंद करून तो पुण्याला गेला. तसंही त्याचं काम कमी होत चाललं होतं. नवे टीव्ही आले होते, केबल आली होती, जुने रेडिओ दुरुस्त करून घेणारं कोणी उरलं नव्हतं. त्याचा मेहुणा पुण्यात एका कारखान्यात होता. बीदरची किती तरी पोरं त्या वर्षांत तशीच जात होती, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कंपनीचा माणूस कागद घेऊन ठाणाकुशनूरला आला, तेव्हा अक्काने त्याला चहा पाजला आणि परत पाठवून दिलं. मी तिच्यावर चिडलोच.

"अक्का, कामून न्हाई म्हणालात? घरापर्यंत आलेली संधी!"

"मी कवा व्हय म्हणले हुते?" ती म्हणाली. "तीन जणाचं गाणं हाय. एकटी जाऊन काय करू तितं?"

"पण रफीक तर गेला."

अक्का मग म्हणाली, "गेला न सांगता. त्याला आमच्याम्होरं यायची लाज वाटली असंल. लाईट गेली अन् समद्यासमोर फजिती झाली त्याची. असू दे."

पुढे बरेच ऑर्केस्ट्रावाले तिच्याकडे आले. कॅसिओवाले आले, पॅडवाले आले. तिने कुणाला घेतलं नाही. ती आणि अप्पा, दोघंच गात-वाजवत राहिले. गाणं कमी झालं नाही, बोलावणी कमी झाली. लग्नांत आता डीजे यायला लागले होते. कमठाण्याची टेप मात्र फिरत राहिली. माझ्या कॅसेटवरून कुणी उतरवून घेतली, त्याच्यावरून आणखी कुणी. उदगीरच्या जीपमध्ये मी ती ऐकली. पुण्या-हैदराबादला कामाला गेलेली पोरं ती गाठोड्यात घालून नेत.

नऊ-दहा वर्षांनी माझ्या मूळ कॅसेटची फीत खरखरायला लागली, तेव्हा ती सीडीवर उतरवून घ्यायला मी बीदरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मोठाले हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाला, "ऐका, खरखर किती काढू ते सांगा." मी डोळे मिटून ऐकत होतो. लाईट गेली. होऽऽ झालं. अक्का गायला लागली. आणि तिच्या आवाजाच्या खाली मला काहीतरी बारीक ऐकू आलं. टिण्. टिण् टिण्. आधी वाटलं, बैलाची घंटा. पण घंटा सुरात वाजत नाही. मी दुकानदाराला मागे न्यायला लावलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे.

ती गिटार होती. वीज नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या उघड्या तारा. लाईट गेल्यापासून कॅसेट संपेपर्यंत रफीक एकही सूर न चुकता वाजवत राहिला होता. मी त्याच्यापासून सहा फुटांवर उभा होतो आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. माझ्या घरातल्या लहान स्पीकरवर इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. जो भाग मी सगळ्यांना 'एकट्या अक्काचा' म्हणून ऐकवत होतो, तो एकटीचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी सीडी, प्लेअर आणि हेडफोन घेऊन ठाणाकुशनूर गाठलं. अक्का अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने थोडा वेळ ऐकलं आणि काढून ठेवले.

"ऐकलंत? रफीक वाजवत होता!"

"मंग?" अक्का म्हणाली. "वाजवायलाच हुता की त्यो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डाक्टर, मी त्याच्याच सुरावर गायले. माईक न्हाई, समोर एवढा समुदाय, सूर कुटून धरायचा मी? मी मधून तिकडच्या टोकाला कामून सरकले? त्याची तार ऐकायला सरकले."

मी मग विचारलं, "त्याला हे सांगितलं होतंत?"

अक्काचा सुपातला हात थांबला. "त्यात काय सांगायचं? वाजवणाऱ्याला कळत न्हाई व्हय?"

कोपऱ्यात बसलेल्या मारुतीअप्पाने तेव्हा त्या दिवसातलं आपलं एक वाक्य उच्चारलं. "न्हाई कळत," तो म्हणाला.

बीदरला रफीकच्या थोरल्या भावाकडून मी त्याचा मोबाइल नंबर मिळवला. तो मला विसरला नव्हता. टेपचं नाव काढताच म्हणाला, "साब, वो टेप यहाँ बी बजता. हमारे तरफ के लड़के लगाते. मैं उठ के चले जातूँ."

"कायकू?"

त्याने मग हळूहळू एकेक सांगितलं. लाईट गेल्यावर अक्का मधून सरकून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. त्याला वाटलं, आपल्याला झाकलं. तरी तो वाजवत राहिला, कारण हात थांबेनात. मग तो कंपनीवाला म्हणाला गिटार नको, आणि अक्का म्हणाली असू दे. "मैं समझ गया साब. लाईट गई तो मैं बी गया."

मी त्याला म्हणालो, "रफीक, तुझी गिटार टेपमध्ये ऐकू येते. शेवटपर्यंत. आणि अक्काने तुझ्याकडे पाठ केली नव्हती. कान केला होता." मग तिने मला सांगितलेलं सगळं त्याला शब्दाला शब्द सांगितलं.

मग तो म्हणाला, "अक्का बोली? ऐसा बोली?"

"हौ," मी म्हणालो.

ईदच्या सुट्टीत तो आला. केस पांढरे व्हायला लागले होते, अंगाने भरला होता. आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवरून ठाणाकुशनूरला गेलो. अक्का दारातच उभी होती. रफीक वाकला, तर तिने त्याचा हात धरला आणि बोटांची टोकं चाचपून बघितली.

"मऊ पडलीत," ती म्हणाली. "वाजवत न्हाईस?"

"नहीं अक्का."

"किती वरीस?"

"तबसे."

अक्का त्याला घेऊन आत आली. बसायला घोंगडी टाकली. पाणी दिलं. मग समोर बसली आणि लुगड्याचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिली. मी तिला दोन हजार माणसांपुढे विनामाईक गाताना पाहिलं होतं, पण बोलायला एवढी अडखळताना कधी पाहिलं नव्हतं.

"रफीक," ती शेवटी म्हणाली, "तू लई चांगला वाजवतोस. त्या दिवशी तू हुतास म्हून मी गायले. हे मी तवाच बोलायला पायजे हुतं. बोलले न्हाई. माझं चुकलं."

रफीकने मान खाली घातली. अप्पा उठून बाहेर गेला आणि कारण नसताना शेळ्यांना चारा घालायला लागला. मीही त्याच्या मागोमाग उठलो, कारण आत बसवेना.

त्यानंतर तीन वर्षं रफीक जत्रांच्या दिवसांत पुण्याहून सुट्टी काढून यायचा. अक्काचा आवाज आता खाली उतरला होता, वरचे सूर ती सोडून द्यायची आणि रफीक ते तारेवर घ्यायचा. ते वेगळंच गाणं होतं, थोडं थकलेलं, पण त्यात घाई कुठेच नव्हती. त्याचंही रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. अक्का आता गाण्याआधी सांगायची, "ह्यो ढोल माझ्या मालकाचा, अन् ही गिटार रफीकची. दोघं बी लई चांगलं वाजवतेत." लोकांना त्यात विशेष काही वाटायचं नाही. अप्पा मात्र दर वेळी लाजून ढोलाची दोरी आवळायला लागायचा.

अक्का गेली ती थंडीत, चार दिवसांच्या तापाने. मला पहाटे फोन आला. मी पोहोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. सगळी तयारी झाली होती. नातेवाईक लांबलांबचे, कुणाला बस गाठायची, कुणाच्या रानाला पाणी द्यायचं राहिलेलं. अकरा वाजले, बारा वाजले. गावातला एक वडीलधारा मारुतीअप्पाजवळ येऊन म्हणाला, "अप्पा, ऊन चढायलंय. समदं गणगोत आलंय की. आता कुणाची वाट बघायलास?"

"पुण्यावरून यायलाय एक जण," अप्पा म्हणाला.

"कोण? तुमचं पुण्याला कोण हाय?"

"तिचा वाजवणारा हाय," अप्पा म्हणाला, आणि पुन्हा अक्काच्या उशाशी जाऊन बसला.

मग कुणी काही विचारलं नाही. सगळं गाव खाली बसलं आणि थांबलं.